भर दुपारचे गमरेकाका

मागच्या महिन्यात एका अनोळखी नंबरावरून फोन आला. "परबशेठ कॅमेरावाले का?" बाईचा आवाज होता. मला शेठ म्हणणारा जगात एकच माणूस होता, आणि तोही चिडवायला म्हणायचा. "हो," मी म्हटलं.

ती म्हणाली, "मी सुधाकर गमऱ्यांची मुलगी. बाबा गेले परवा. त्यांच्या फोनमध्ये तुमचं नाव असंच होतं, म्हणून तसं विचारलं. रविवारी जलदानविधी आहे. समोर ठेवायला बाबांचा एखादा फोटो आहे का तुमच्याकडे? घरात ढिगाने फोटो आहेत हो, पण सगळी झाडंच. बाबा एकातही नाहीत."

माझ्याकडे एक होता. पवईच्या तलावावर त्यांच्याच कॅमेऱ्यातून मी काढलेला. शोधून पाठवला. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला, 'ह्यात बाबा भुतासारखे दिसतात. आई नको म्हणते.' बरोबरच होतं तिचं. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात माणसाची कातडी दुधाच्या सायीसारखी येते आणि डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. शेवटी त्यांनी नोकरीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला, असं कळलं. मी गेलो नाही. आमचं चार वर्षं बोलणं नव्हतं. चूक कोणाची ते वाचणाऱ्याने ठरवावं. माझी होती असं मी अजून मानत नाही.

घाटकोपर पश्चिमेला माझं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. घेणं, विकणं, दुरुस्ती, आणि आता मोठे फोटो छापून फ्रेम करून देणं. तेव्हा दुकान म्हणजे जिन्याखालची जागा होती. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावरून बोलायचं. वडील गिरणी बंद पडून घरी बसले तेव्हा मी अंधेरीच्या फुटपाथवर सेल आणि फिल्मचे रोल विकायला लागलो. तिथून इथवर आलो तो भाव करून. मला दुसरं काही येत नाही.

गमरेकाका पहिल्यांदा आले ते दुपारी साडेबाराला, जेव्हा मी डबा उघडून बसलेला असतो. साठीचा, काटकुळा माणूस. डोक्यावर ओला पंचा, त्याच्यावर टोपी. पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा काढला आणि कागदाच्या पुडीतून एक छोटी काच. काच काळीकुट्ट होती. डोळ्यासमोर धरली तर पलीकडचं काही दिसेना.

"कॅमेऱ्याच्या आत सेन्सरवर एक काच असते," ते म्हणाले. "ती काढ, ही बसव."

"काका, कॅमेरा बाद होईल. परत साधे फोटो येणार नाहीत."

"साधे फोटो काढायला बाकीची मुंबई आहे."

"झाडं पांढरी येतील."

"म्हणून तर."

उन्हात आपल्या डोळ्याला न दिसणारा एक उजेड असतो. हिरवं पान तो जवळजवळ सगळा परत फेकतं. त्यामुळे त्या काळ्या काचेतून फोटो काढला तर झाड बर्फ पडल्यासारखं पांढरं येतं आणि पाणी, निळं आकाश, डांबर काळं. कॅमेरा बनवणारे हा उजेड अडवण्यासाठीच आत काच बसवतात. काकांना नेमकी तीच नको होती. मला हे काम ऐकून माहीत होतं, केलं नव्हतं. ते अर्थातच मी सांगितलं नाही. भाव मात्र दुप्पट सांगितला. माझा हिशेब असा की गिऱ्हाईक निम्म्यावर येतं, मी कपाळाला हात लावतो, मग मध्ये कुठेतरी जमतं.

काका म्हणाले, "बरं."

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. "अहो, कमी कर तरी म्हणा."

"कशाला? तुझा मूड गेला, स्क्रू ड्रायव्हर सटकला, तर कॅमेरा माझा जाईल."

मग ते स्टुलावर बसले आणि काम संपेपर्यंत माझ्या बोटांकडे बघत राहिले. तीस वर्षं पालिकेच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायची नोकरी केली होती त्यांनी. नुकतेच निवृत्त होऊन चेंबूरला घरी बसले होते. "न दिसणाऱ्या उजेडात जन्म गेला," म्हणाले, "पण बंद खोलीत. आता उन्हात काढायचाय."

माझ्या हातून एक चूक राहिली. काच बसवताना आत धुळीचा एक कण गेला. पुढच्या रविवारी त्यांनी फोटो आणून दाखवले, तर प्रत्येक फोटोत काळसर आकाशाच्या उजव्या कोपऱ्यात त्याहून काळा, काजळीचा ठिपका. मी म्हटलं, परत उघडतो, पैसे घेणार नाही.

"नको. एक काढशील, दुसरा घालशील." त्यांनी फोटो ट्यूबलाइटकडे धरला, एक्स-रेची फिल्म धरतात तसा. कुठलाही कागद ते तसाच बघायचे, विजेचं बिलसुद्धा. "ठिपका मोकळ्या आकाशात दिसतो. तिथे मी काहीतरी ठेवीन."

त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात वरून एक फांदी आली. कधी शिरीष, कधी आंबा, काही नाही तर कोणाच्या तरी गच्चीवरच्या कुंडीतली जास्वंद. पानांच्या गर्दीत ठिपका लपून जायचा. फांदी मिळेना तर फोटो काढायचे नाहीत. पुढे विलेपार्ल्याच्या एका हॉलमध्ये आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन लागलं. तिथे एक जाणकार गृहस्थ चार बायकांना समजावत होते, "उजवीकडून उतरणारी ही फांदी बघा. ही गमऱ्यांची सही आहे." काकांनी चेहरा न हलवता माझ्याकडे बोट केलं. "ह्याची आहे."

त्याच प्रदर्शनात एका म्हातारबुवांनी विचारलं, "हिमालय का हो?"

"हो," काका म्हणाले, "मुलुंड चेकनाक्याच्या मागचा."

रविवारी मी दुकान बंद ठेवून त्यांच्याबरोबर फिरायला लागलो. सुरुवातीला धंद्याचा विचार होता. म्हटलं, हा प्रकार शिकून घ्यावा, चार गिऱ्हाइकं वाढतील. बाकीचे फोटोवाले पहाटे उठतात, सकाळचं कोवळं ऊन धरतात आणि दहाला घरी जाऊन झोपतात. आम्ही निघायचो अकराला. डोक्यावर ऊन आलं की काकांचा दिवस सुरू. रस्त्यावर कुत्रीसुद्धा सावलीला गेलेली, आणि हा माणूस खाडीकाठच्या तिवरांच्या कडेला कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून उभा. बटण दाबण्याआधी हलक्या आवाजात म्हणायचे, "श्वास घ्या... धरा." फोटो निघाला की, "सोडा."

"काका, झाडं ऐकतात का?"

"पेशंट तरी कुठे ऐकायचे? पण म्हटलं की माझा हात हलत नाही."

लेन्स जुनी, हाताने फिरवायची. तिच्यावर एक बारीक लाल रेघ असते. ह्या न दिसणाऱ्या उजेडाचा फोकस डोळ्याच्या फोकसवर नसतो, जरा बाजूला असतो, आणि तो त्या रेघेवर घ्यायचा असतो. इतकी वर्षं मी त्या लेन्स विकल्या, रेघ कशाला ते मला काकांनी सांगितलं. दुकानात मी त्यांना कधी मोफत चहा पाजला असेल तर तो ह्या रेघेबद्दल.

मी माझाही एक जुना कॅमेरा तसाच करून घेतला आणि पवईला जाऊन ऐंशी-नव्वद फोटो काढले. मला वाटलं, झकास. काकांनी एकेक बघितला.

"परबशेठ, ही साबुदाण्याची खिचडी आहे."

"झाडं पांढरी तर आलीत."

"सगळंच पांढरं आलंय. डोळ्याने टेकायचं कुठे? आधी काळं शोध. पाणी शोध, खडक शोध, डांबराचा रस्ता शोध, एखाद्या गोदामाची सावली. पांढरं तुला कोणीही देईल, ह्या उजेडात ते फुकट आहे. काळं कमवावं लागतं." मग मला खांद्याला धरून दोन पावलं डावीकडे नेलं, एक मागे. गुडघ्यावर बसवलं. तलावाचं पाणी खालच्या बाजूला काळ्या पाटासारखं आलं आणि पलीकडची झाडं त्याच्यावर मांडल्यासारखी उभी राहिली. तेवढ्याला अर्धा तास गेला. भाव करताना मी समोरच्याचा चेहरा जसा बघतो तसे ते जमीन बघायचे.

मंडळातल्या एकाने त्यांना एकदा नियम शिकवायला घेतला, की महत्त्वाची गोष्ट मध्यभागी ठेवू नये, चौकटीचे तीन भाग करावेत आणि एक तृतीयांशावर ठेवावी. काका शांतपणे ऐकून म्हणाले, "तीस वर्षं मी छाती मध्येच ठेवली. बाजूला ठेवली असती तर डॉक्टरने मला खिडकीतून टाकलं असतं." लोक हसले. पण घरी जाताना मला म्हणाले, "तो चुकीचं नाही बोलला रे. फक्त त्याने आधी ठरवलं आणि मग बघितलं."

त्यांचा सगळ्यात चांगला फोटो मुलुंड कॉलनीच्या टेकडीचा. पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं. त्या एका फोटोसाठी आम्ही लागोपाठ पाच रविवार गेलो. एकदा ढग नव्हता, एकदा ढग होता पण भलत्या बाजूला, एकदा माझी शिंक. पाचव्यांदा जमलं. वर काळं आकाश, त्यात टेकडीच्या बरोबर मध्यावर एक ढग, उजव्या कोपऱ्यात नेहमीची फांदी, मध्ये कापसाच्या राशीसारखी पांढरी टेकडी, आणि तळाला आडवी, काळी ताडपत्री घातलेल्या घरांची रांग. काकांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं आणि खाली दगडावर बसले. पंचा पिळून परत डोक्यावर घेतला. एवढंच म्हणाले, "हा आला."

फोटो मी दुकानात मोठा करून लावला. दुकानाला लाज वाटावी इतका चांगला दिसत होता. आणि तिथे तो एका इंटिरियरवाल्या बाईंनी बघितला. मुलुंडला एक मोठा टॉवर उभा राहत होता, त्याची लॉबी त्या सजवत होत्या. पंधरा फूट भिंत. त्या भिंतीला हाच फोटो हवा, शिवाय प्रत्येक मजल्यावर एकेक, आणि सगळं काम मला. असं काम माझ्याकडे कधी आलं नव्हतं. जिन्याखालून बाहेर पडायची ती संधी होती. आज जे दुकान आहे ते त्या कामावर उभं आहे, हे मी लपवत नाही.

बाई म्हणाल्या, "फोटो मस्तच आहे ना परब, पण खाली ते काय आहे? लोक फ्लॅट बघायला येणार. ते तेवढं उडवा."

काकांना मी दुकानात बोलावलं. मासळीचं जेवण मागवलं. जेवून झाल्यावर विषय काढला.

"नाही," ते म्हणाले.

"काका, चार बोटांची पट्टी. कोणाला कळणार पण नाही."

"टेकडीला कळेल. खालची पट्टी काढलीस तर ती उभी राहत नाही. धूर वाटतो. कोणीतरी कचरा जाळलाय, असा."

मला वाटलं, वेगळंच काहीतरी कारण असणार. माणसं खरं कारण शेवटी सांगतात, हा माझा धंद्यातला अनुभव. म्हटलं, "तिथे तुमचं कोणी राहतं का? लहानपण गेलंय तुमचं त्या घरांत? तसं असेल तर सांगा, मी बाईंशी बोलतो. त्यांना पटेल." खरं तर मी मनातल्या मनात बाईंना सांगायची गोष्ट जुळवूनही टाकली होती. ह्याच घरांत वाढलेला कलावंत, वगैरे.

काका हसले. "माझं तिथे कोणी नाही रे. मी मंडणगडचा, आणि मग चेंबूर. त्या घरांच्या जागी म्हशी बसल्या असत्या तरी मी हेच म्हटलं असतं. तिथे काळं लागतं."

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे? दुसरं असतं काय फोटोत?"

मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुम्हाला पेन्शन आहे, तुम्हाला हौस परवडते. म्हटलं, तुमच्या नावाला मुलुंडच्या पलीकडे कुत्रं विचारत नाही, आणि इथे पंधरा फुटांची भिंत तुम्हाला मिळतेय. आणखीही बोललो, तेही गावच्या मालवणीत. ते सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तुझी मालवणी बाहेर आली, म्हणजे भाव संपला." हात धुतले आणि गेले.

फोटोची फाइल माझ्याकडेच होती, कारण छपाई मी करायचो. तीन दिवस थांबलो. चौथ्या दिवशी खालची पट्टी कापली. पण फोटोखाली पितळी पट्टी लावून घेतली, चांगली हातभर लांब: छायाचित्र, सुधाकर गमरे. बाईंना नाव नको होतं. त्यासाठी मी त्यांच्याशी भांडलो, माझ्या मजुरीत सूट दिली. हे काकांना कधी कळलं नाही. त्यांनी विचारलंच नाही, तर मी कशाला सांगू?

फोन मीच केला. "काका, तुमचं नाव पितळेत लावलंय. बघायला या."

"कापलास का?"

"थोडा."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ते म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

ह्यावरच माझा राग आहे. त्या माणसाने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. दुकानात येऊन काउंटरवर हात आपटायला हवा होता. माझ्याकडे सगळी उत्तरं तयार होती, आणि भांडणात मी हरत नाही. त्यांनी भांडणच दिलं नाही. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी कोणाकोणाकडून विचारपूस केली, तर म्हणे तब्येत छान आहे, तिवरांकडे फिरतात, एकटेच. मीही फोन केला नाही. भावात एकदा मी कमी केलं की पुढची पायरी समोरच्याची असते.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. त्या 'बरं'वाल्या फोनला तीनेक आठवडे झाले असतील. लॉबीतल्या पितळी पट्टीचा एक स्क्रू ढिला झाला, ती एका बाजूने लोंबतेय, म्हणून बाईंनी मला बोलावलं. मी दुपारीच गेलो. लॉबीला पुढून काच आहे. आत शिरणार तेवढ्यात फोटोसमोर ते उभे दिसले, पंचा खांद्यावर. मी बाहेरच्या खांबाआड थांबलो. खरं सांगायचं तर खूश झालो. म्हटलं, आता वॉचमनवर ओरडतील, फोटो उतरवा म्हणतील, मग मी आत जाईन.

ते बराच वेळ उभे राहिले. एक डोळा मिटला. मागे गेले, परत पुढे आले. मग वॉचमनशी काही बोलले आणि दोघे पलीकडच्या भिंतीशी गेले. तिथे पाहुण्यांसाठी एक लांबलचक काळा सोफा होता. दोघांनी तो दोन टोकांना धरला आणि फरशीवरून ढकलत फोटोखाली आणला. काका मागे जाऊन बघायचे, हाताने खूण करायचे, वॉचमन सोफा चार बोटं डावीकडे सरकवायचा. मग दोन बोटं उजवीकडे. सोफ्यावर पिवळ्या उशा होत्या. काकांनी त्या एकेक उचलल्या आणि दुसऱ्या खुर्चीवर नेऊन रचल्या. शेवटचं बघितलं. वॉचमनच्या पाठीवर थाप मारली आणि मागच्या दाराने, पार्किंगच्या बाजूला निघून गेले.

मी आत गेलो. वॉचमन घाम पुसत होता. "ते आजोबा म्हणाले, फोटोला खाली टेकू पाहिजे," तो म्हणाला. "म्हटलं, वयस्कर माणूस आहे, कशाला नाही म्हणू. साहेब, सोफा जागेवर ठेवू का?"

मी फोटोकडे बघितलं. सोफ्याची काळी पाठ फोटोच्या खालच्या कडेला बरोबर भिडली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि टेकडी तिच्यावर उभी होती. धूर नव्हता. पितळी पट्टी सोफ्याच्या मागे पूर्ण झाकली गेली होती. माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता.

"राहू दे," मी म्हटलं.

पार्किंगच्या बाजूच्या काचेतून बाहेरचा रस्ता दिसत होता. काका फाटकाशी, भर उन्हात, खऱ्या टेकडीकडे तोंड करून उभे होते. हातात कॅमेरा नव्हता. एक ढग टेकडीच्या डाव्या बाजूने हळूहळू येत होता, आणि तो मध्यावर येईपर्यंत ते काही तिथून हलणार नव्हते.